कपाखालचा वाघ

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

ताडोब्याला आलेला पर्यटक परत जाताना वाघाचे चित्र असलेली एखादी वस्तू सोबत नेतोच. पूर्वी ती टोपी किंवा टी-शर्ट असे, मग चहाचा मग आला आणि आता चार किंवा सहा गुळगुळीत चौकोनांचा संच मिळतो. कप ठेवायच्या या चौकोनांना कोस्टर म्हणतात. त्याचाच मोठा भाऊ म्हणजे जेवणाच्या टेबलावर ताटाखाली घालायची मॅट. दोन्हींवर वाघ असतो, मोर असतो, नाहीतर तलावाकाठची संध्याकाळ असते. रोज गरम कप ठेवला तरी हे चित्र पुसत नाही, आणि नखाने खरवडले तरी निघत नाही. कागदावरचे चित्र फाटते, रंगवलेले चित्र पोपडे धरते, मग हे असे पक्के कसे बसले?

चंद्रपूर आणि गडचिरोलीतील बचत गटांना मी छपाईचे काम शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. त्यामागोमाग दुसराही येतो: 'सर, आम्ही ही मशीन घ्यावी का?' पहिल्याचे उत्तर विज्ञानात आहे. दुसऱ्याचे थोडे विज्ञानात, थोडे हिशेबात आणि बरेचसे आपल्या जंगलात आहे. दोन्हींकडे क्रमाने पाहू या.

नाव इंग्रजी असले तरी वस्तू आपल्याला परकी नाही. गरम भांडे थेट जमिनीवर टेकू नये म्हणून आपल्याकडे अडणी होती. डोक्यावर हंडा बसावा म्हणून चुंबळ होती. पंगतीत ताटाभोवती रांगोळीची महिरप काढत, ती तर आजच्या टेबल मॅटची आजीच म्हणायला हवी. फरक इतकाच, की महिरप जेवण झाल्यावर पुसली जाई आणि दुसऱ्या दिवशी नवी काढली जाई. आता आपल्याला न पुसणारी महिरप हवी आहे, आणि ती उष्णतेने काढली जाते.

या कामात तीन कामगार राबतात: उष्णता, दाब आणि वेळ. तिघांचीही आपली जुनी ओळख आहे. कपड्याला इस्त्री करताना हेच तिघे असतात. परशाच्या पानांचे द्रोण आणि पत्रावळी करणारे यंत्र आपल्या भागात अनेक ठिकाणी आहे. त्यात तापलेल्या साच्यात पाने दाबली, की ती वाकतात आणि आकार धरून राहतात. चित्र बसवणारे यंत्रही त्याच घराण्यातले. त्याला हीट प्रेस म्हणतात. खाली सपाट पाट, वर विजेने तापणारी धातूची जाड पाटी, ती दाबायला एक दांडा आणि कडेला तापमान व वेळ दाखवणारे घड्याळ. बाजारात सर्रास मिळणाऱ्या यंत्राची पाटी साधारण ३८ सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद असते.

पण नुसत्या दाबाने रंग आत जात नाही. खरी गंमत रंगाची आहे. देवापुढचा कापूर आठवा. उघडा ठेवला तर तो हळूहळू नाहीसा होतो, मात्र डबीत पाणी साचलेले दिसत नाही. घन पदार्थ मध्ये द्रव न होता थेट वायू होतो. कपाटातल्या डांबरगोळ्याही अशाच झिजतात. या क्रियेला विज्ञानात संप्लवन आणि छपाईच्या बाजारात सब्लिमेशन म्हणतात. कोस्टरवर चित्र उमटवणारे रंग याच जातीचे आहेत. विशेष कागदावर त्या रंगाने चित्र छापतात, तो कागद वस्तूवर पालथा ठेवतात आणि वरून तापलेली पाटी दाबतात. सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला रंगाची वाफ होते. पण ती शिरते कुठे?

ती शिरते पॉलिएस्टरच्या थरात. हा थर नसेल तर सगळी मेहनत वाया. कोस्टरची पाटी बहुधा एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा-तंतू आणि चिकटद्रव्य दाबून केलेली असते. तिच्या पांढऱ्या पृष्ठभागावर पॉलिएस्टर जातीचा पातळ, पारदर्शक लेप असतो. हा लेप तापला, की त्याचे रेणू सैल होतात. त्यांच्यामधल्या फटीत रंगाचे बारीक रेणू शिरतात. थंड झाल्यावर लेप पुन्हा घट्ट होतो आणि रंग आत कोंडला जातो. म्हणजे चित्र वस्तूच्या वर नसते, कातडीच्या आत असते. गोंदण पुसता येत नाही, तसेच हे. म्हणून नख त्याच्यापर्यंत पोचत नाही.

सुती कापडावर हा रंग धरत नाही, याचेही कारण हेच. कापसाच्या धाग्याशी या रंगाचे जमत नाही आणि धुतल्यावर तो निघून जातो. या रंगांचा जन्मच मुळी कृत्रिम धाग्यांसाठी झाला. पहिल्या महायुद्धानंतर ॲसिटेट रेयॉन हे नवे कापड आले, आणि पाण्यात विरघळणारे नेहमीचे रंग त्याला धरेनात. तेव्हा १९२० च्या दशकात रसायनतज्ज्ञांनी पाण्यात न विरघळणारे, अतिशय बारीक कणांचे 'डिस्पर्स' रंग तयार केले. पुढे १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टर धाग्याचा शोध लावला. आपल्याकडची मागची पिढी ज्या टेरिलीनच्या शर्टावर भाळली होती, तो हाच धागा. पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग उत्तम मानवले. हेच रंग आधी कागदावर छापून मग उष्णतेने कापडावर उतरवता येतात, ही कल्पना १९५७ च्या सुमारास फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांनी मांडली. संगणक आणि शाई फवारणारे छोटे प्रिंटर आल्यावर कापड गिरणीतले हे तंत्र एका खोलीच्या दुकानात मावू लागले.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. आधी संगणकावर चित्र कोस्टरच्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठे घ्यायचे, म्हणजे कडेला पांढरी रेघ उरत नाही. चित्र उलटे छापायचे, कारण कागद पालथा ठेवला जाणार असतो. वाघाच्या तोंडाला उलटे-सुलटे कळत नाही, पण खाली 'ताडोबा' लिहिले असेल तर चूक लगेच दिसते. कागदावरचे रंग या टप्प्यावर मळकट दिसतात. नवशिक्याला वाटते, प्रिंटर बिघडला. तसे नसते, खरा रंग दाबाखाली खुलतो.

मग कागदावर कोस्टर पालथे ठेवायचे आणि उष्णता सोसणाऱ्या पट्टीने कागद घट्ट चिकटवायचा. खाली-वर साधा कोरा कागद घालायचा, म्हणजे बाहेर निसटलेला रंग यंत्राच्या पाटीला लागत नाही. नाहीतर आधीच्या चित्राचा डाग पुढच्यावर उमटतो. पाटी तापली, की साधारण मिनिटभर मध्यम दाब द्यायचा. नेमका आकडा कोऱ्या मालाच्या जातीप्रमाणे बदलतो, म्हणून प्रत्येक नव्या खेपेतला एक तुकडा चाचणीसाठी खर्च करावा, असे मी सांगतो. दहा सेंटिमीटरचे नऊ कोस्टर एका वेळी ३८ सेंटिमीटरच्या पाटीखाली बसतात. टेबल मॅट मात्र २८ बाय २० सेंटिमीटरची असली तरी एकावेळी एकच बसते. हा फरक पुढे हिशेबात लागणार आहे.

बिघाड होतात, आणि प्रत्येक बिघाडाला कारण असते. उष्णता किंवा वेळ कमी पडला तर चित्र फिके राहते. जास्त झाला तर काळा रंग तपकिरी दिसू लागतो आणि लेप पिवळा पडतो. दाब सगळीकडे सारखा नसेल तर एक कोपरा धुरकट निघतो. पाटी उचलताना कागद सरकला तर वाघाला दोन-दोन मिशा दिसतात, कारण त्या क्षणीही कागदातून वाफ निघत असते. म्हणून कागद एका झटक्यात, सरळ वर उचलावा लागतो. गावात विजेचा दाब खाली गेला, तर पाटी पुन्हा तापायला वेळ लागतो. घड्याळातले मिनिट पूर्ण झाले तरी उष्णता पूर्ण झालेली नसते. म्हणून घड्याळाआधी तापमानाचा आकडा पाहायचा.

सर्वात जास्त त्रास देते ती ओल. पावसाळ्यात गडचिरोलीची हवा कशी असते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. एमडीएफ ही ओल पिते. दोनशे अंशांच्या पाटीखाली तिची वाफ होते आणि बाहेर पडायला जागा शोधते. परिणामी चित्रावर ठिपके उठतात, कधी लेपाला फोड येतो, कधी पाटी पापडासारखी वाकते. उपाय सोपा आहे. कोरा माल बंद डब्यात ठेवायचा, छपाईपूर्वी काही सेकंद नुसताच तापवून ओल घालवायची आणि छापून झाल्यावर सपाट ओझ्याखाली थंड करायचा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ओलीचा प्रश्न नसतो, पण पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत तापलेल्या यंत्राजवळ उभे राहणाऱ्या बाईचा प्रश्न असतो. तापलेल्या शाईचा आणि लेपाचा वास येतो, तेव्हा खोलीला खिडकी हवी, पंखा बाहेर हवा फेकणारा हवा आणि दुपारचे काम टाळून सकाळी लवकर करायला हवे. मशीन विकणारा हे सांगत नाही.

इथे एक प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे बांबू मुबलक आहे, मग एमडीएफ कशाला? बांबूवरच वाघ का छापू नये?

कल्पना चांगली आहे, पण तीन अडचणी आहेत. पहिली म्हणजे बांबूत पॉलिएस्टर नसते, त्यामुळे रंग कोंडून घेणारा थरच नाही. लेप दिला तर रंग बसतो, पण मग दुसरी अडचण उभी राहते. या तंत्रात पांढरी शाई नसते. चित्रातला पांढरा म्हणजे खालच्या वस्तूचा पांढरा. खाली पिवळसर बांबू असेल, तर वाघाच्या गालावरचे पांढरे पट्टेही पिवळसर होणार आणि आकाश मातकट दिसणार. तिसरी अडचण विणीची. विणलेली चटई सपाट नसते, एक कामटी वर तर दुसरी खाली असते. दाबाची पाटी फक्त वरच्या कामट्यांना टेकते, खालच्या कोऱ्याच राहतात. शिवाय दोनशे अंशांना बांबू करपू लागतो तो वेगळाच.

म्हणून बांबूवर दुसरे मार्ग वापरतात. लेसरच्या किरणाने रेघा जाळून चित्र काढता येते. एका रंगाची जाळीची छपाई, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग करता येते. आणि तापलेल्या सळईने लाकडा-बांबूवर खुणा व नक्षी डागण्याची हातची रीत आहेच. ही चित्रे रंगीबेरंगी नसतात, पण बांबूवर शोभतात, कारण ती बांबूचा रंग लपवत नाहीत.

उष्णता आणि दाब बांबूला एका दुसऱ्या रीतीने मात्र फार उपयोगी पडतात. विणलेल्या चटया राळेत भिजवून, एकावर एक रचून गरम दाबयंत्रात दाबल्या, तर प्लायवूडसारखी घट्ट फळी तयार होते. हे तंत्र बंगळूरूच्या भारतीय प्लायवूड उद्योग संशोधन व प्रशिक्षण संस्थेने विकसित केले. म्हणजे एकीकडे उष्णता आणि दाबाने बांबूवर चित्र बसत नाही, पण त्याच दोघांनी बांबूचीच पाटी घडवता येते. आपल्या जिल्ह्यातही या दिशेने काम झाले आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला २०१४ साली बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. बांबू म्हणजे फक्त टोपली, सूप आणि ताटवे नव्हे, हे या केंद्रामुळे इथल्या अनेक तरुण मुला-मुलींना प्रथम दिसले.

बांबूचा विषय निघाला, की तो कोणाचा, हा विषय टाळता येत नाही. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगल आहे. मात्र त्या जंगलातला बांबू विकण्याचा हक्क गावाला नव्हता. बल्लारपूरची कागद गिरणी अनेक दशके बांबूवर चालली, बुरडकाम करणाऱ्यांना मात्र वन विभागाच्या आगाराकडे डोळे लावून बसावे लागे. वनहक्क कायदा २००६ साली आला आणि त्याने बांबूला गौण वनोपज मानले. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा, यावर घोडे अडले होते. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि गावाने आपला बांबू स्वतः विकला. पुढे २०१७ साली भारतीय वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. शेताच्या बांधावर बांबू लावणाऱ्याला तो तोडून नेण्यासाठी परवाना काढण्याची गरज उरली नाही.

ही सगळी हकिकत कोस्टरच्या गोष्टीत कशासाठी? हिशेबासाठी. समजा, कोरे कोस्टर २० रुपयांना पडले. शाई, कागद आणि वीज मिळून ५ रुपये धरू. गटाने ते दुकानदाराला ५५ रुपयांना दिले आणि दुकानदाराने १०० रुपयांना विकले. हे आकडे केवळ समजण्यापुरते घेतले आहेत, प्रत्येक बाजारात ते बदलतील. गटाच्या हाती ३० रुपये उरले. नऊ कोस्टर एका दाबात होत असल्याने दिवसाचे काम बरे निघते. पण एक कोस्टर बिघडले, की २५ रुपये बुडतात, म्हणजे जवळजवळ एका चांगल्या कोस्टरची कमाई जाते. टेबल मॅट एकावेळी एकच होते, तिथे मजुरी जास्त धरली पाहिजे. ती न धरता 'कोस्टरच्या दुप्पट भाव' असा ठोकताळा लावणारे गट तोट्यात गेलेले मी पाहिले आहेत.

आता त्या १०० रुपयांकडे दुसऱ्या बाजूने पाहा. पाटी बाहेरून आली, लेप बाहेरून आला, शाई आणि यंत्रही बाहेरून आले. आपल्या मातीचे त्यात काय? फक्त दाब देणाऱ्या हाताची मजुरी. उलट, ग्रामसभेच्या बांबूची कामटी काढून विणलेल्या मॅटमध्ये बांबूचा पैसा गावात, फोडण्याचा गावात आणि विणण्याचाही गावातच राहतो. तिला वेळ फार लागतो आणि वाघाचे रंगीत तोंड तिच्यावर येत नाही, हेही खरे. म्हणून मशीन घ्यावी का, या प्रश्नाला मी 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाही. आधी ऑर्डर कोणाकडून येणार ते विचारतो. सफारीच्या रस्त्यावरची दोन दुकाने एवढाच भरवसा असेल, तर पावसाळ्यात कोअरमधली सफारी बंद असते तेव्हा हप्ता कशातून भरणार? त्याऐवजी पहिले सहा महिने शहरातल्या छपाईवाल्याकडून दाबून घ्यावे, काय खपते ते पाहावे आणि मग कर्ज काढावे. दोन्ही कामांची सांगड घालणाऱ्या गटांचे मला अधिक पटते. छापील कोस्टर सहा, पण ते ठेवायची पेटी बांबूची. मॅटचा मधला सपाट चौकोन छापील कापडाचा, पण भोवतीची महिरप विणलेल्या कामट्यांची. त्या बांबूला आधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून घ्यावे, म्हणजे भुंगा लागत नाही. चित्र यंत्र करते, विणकाम हात करतो, आणि हाताचा भाव वेगळा मागता येतो.

चित्र कोणाचे, हाही पैशाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. इंटरनेटवरून वाघाचा फोटो उतरवायचा आणि छापायचा, ही सवय सर्रास आहे. पण त्या फोटोसाठी कोणीतरी उन्हात तासन्‌तास बसलेला असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाल्यानंतर छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत राहतो. स्थानिक गाइड आणि हौशी छायाचित्रकार आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांच्याकडून लेखी परवानगी आणि थोडे मानधन देऊन चित्र घेणे अवघड नाही. पैसाही मग जिल्ह्यातच फिरतो.

आणि चित्र वाघाचेच कशाला? चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवर हत्तीवर स्वार झालेल्या सिंहाचे गोंड राजचिन्ह कोरलेले आहे, जटपुरा गेटखालून रोज जाणारेही त्याकडे मान वर करून पाहत नाहीत. वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची देवळे आहेत. आलापल्लीचे 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हे जुने जंगल २०१४ साली राज्यातले पहिले जैवविविधता वारसास्थळ ठरले. सिरोंच्याकडे वडधमचे जीवाश्म आहेत, वडसा-देसाईगंजकडे झाडीपट्टीची नाटके आहेत. सहा कोस्टरांचा संच म्हणजे दोन जिल्ह्यांचे सहा धडे होऊ शकतात. पाहुणा चहा पिताना विचारतो, 'हे काय आहे?' आणि यजमानाला सांगण्याजोगे काहीतरी असते.

वाघाबद्दल मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली व्याघ्रप्रकल्प. पर्यटकांची लाडकी 'माया' वाघीण ऑगस्ट २०२३ नंतर कोणाला दिसली नाही, तिचे चित्र मात्र अजूनही कित्येक घरांत कपाखाली आहे. शहरातल्या माणसासाठी वाघ म्हणजे असा देखणा आणि लांबचा. जंगलाकाठच्या बाईसाठी तो तसा नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. तेंदूचा हंगाम थोड्या दिवसांचा, त्यात मिळणारे पैसे वर्षाची बेगमी करणारे, म्हणून भीती असूनही पहाटे जावे लागते. माझ्या वर्गात येणाऱ्या बायांपैकी बऱ्याच जणी तेंदूच्या दिवसांत येत नाहीत. त्या कुठे आहेत, हे मला विचारावे लागत नाही.

त्यामुळे 'घरबसल्या धंदा' हे जाहिरातीतले शब्द इथे वेगळ्या वजनाने ऐकू येतात. गावातल्या खोलीत बसून चार पैसे मिळाले, तर वर्षातले काही दिवस तरी पहाटेच्या अंधारात जंगलात शिरावे लागणार नाही. एक हीट प्रेस तेंदूपानांची जागा घेऊ शकत नाही, तसा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण दहा घरांपैकी दोन घरांचा भार हलका झाला, तरी ती गोष्ट लहान नाही. वाघाच्या चित्रावर कमावलेल्या पैशातला रास्त वाटा वाघाच्या शेजारी राहणाऱ्यांना मिळावा, एवढी मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

पर्यावरणाचाही हिशेब सरळ मांडला पाहिजे. महाराष्ट्रात २०१८ साली आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. तेव्हापासून लाकडी दिसणारी प्रत्येक वस्तू 'इको-फ्रेंडली' म्हणून विकली जाते. छापील कोस्टरला ते नाव शोभत नाही. त्याचा लेप प्लास्टिकच्याच जातीचा आणि एमडीएफमधले चिकटद्रव्य रासायनिक. ते वर्षानुवर्षे टिकते, हा त्याचा गुण. टिकणारी वस्तू म्हणून विकावे, मातीत मिसळणारी म्हणून नव्हे. मातीत मिसळणारी वस्तू हवी असेल, तर परशाची पत्रावळ आहेच.

शेवटी वापरणाऱ्यांसाठी चार गोष्टी. चहाचा कप, वरणाची वाटी, गरम ताट यांनी या चित्राला काही होत नाही, कारण त्यांचे तापमान रंग सुटण्याच्या तापमानापेक्षा कितीतरी कमी असते. पण चुलीवरून किंवा गॅसवरून उतरवलेला तवा वा कढई थेट मॅटवर ठेवू नये. तवा दोनशे अंशांच्या पुढे गेलेला असू शकतो. मग जी उष्णता चित्र बसवते, तीच त्याला उठवते आणि तव्याच्या बुडाचा गोल डाग कायमचा राहतो. कोस्टर पाण्यात भिजत घालू नये, ओल्या फडक्याने पुसावे. पाणी चित्रातून नाही, कडेच्या उघड्या एमडीएफमधून आत जाते आणि कड फुगते. खिडकीतल्या उन्हात ठेवू नये, उन्हाने हे रंग फिके होतात. आणि पोळी किंवा फळे थेट छापील पृष्ठभागावर ठेवू नयेत, मध्ये ताट असू द्यावे.

खरेदी करताना फक्त वाघाचे तोंड पाहू नका, कोस्टर उलटून पाठही पाहा. कोणत्या गावात, कोणत्या गटाने केले, फोटो कोणी काढला, हे तिथे लिहिले आहे का? लिहिले नसेल तर दुकानदाराला विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर अकराव्यासाठी तो नाव लिहिलेला माल मागवील.